हिरव्या बटणाच्या आधी

"पिन ती पिन. ही नाही तर ती. वीज काय नाव-गाव विचारून जाते का?"

हे आमच्या भाऊजींचं वाक्य. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. सेलूत स्टेशनच्या रस्त्याला आमचं विजेच्या मोटारी चालू-बंद करणारी पॅनलं बनवायचं वर्कशॉप आहे, त्याचे सर्वेसर्वा, आणि स्वतःच्या मते अख्ख्या परभणी जिल्ह्यातला एकमेव डोकेबाज माणूस. ह्या वाक्यापायी एका बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती कुणामुळं गेली, एवढंच मला चारचौघांत सांगायचं होतं. जास्त काही नको होतं. कुणाला तुरुंगात घालायचं नव्हतं. फक्त तिच्या माथी खापर फुटू नये, एवढंच.

मी ह्या घरात आले तीच मुळी हिशोबानं आणलेली. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे गणिताच्या निवृत्त मास्तरांनी, माझ्या आईला सांगितलं, "आम्हाला देणं-घेणं काही नको. पोरगी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे ना, बास." आई आमच्या गावच्या, चुडाव्याच्या स्टेशनावर पाहुण्यांना सोडून डोळे पुसत घरी आली. बिनहुंड्याचं स्थळ मिळालं म्हणून तिला भरून आलं होतं. समोरच्याला बिनपगारी इंजिनिअर मिळाली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं, पण हळद उतरल्यावर.

माझं काम काय, तर चिपच्या पिनांना कामं वाटून द्यायची. सांगते, अवघड नाही. पॅनलमध्ये नखाएवढी चिप असते, तिला चारी बाजूंनी बारीक पिना असतात. एकाच पिनला तीन-चार कामं येतात. ती बटण दाबलेलं ओळखू शकते, नाही तर रिले, म्हणजे मोटारीचा विजेवर चालणारा खटका, ओढून मोटार चालू करू शकते, नाही तर पडद्यावर अक्षरं पाठवू शकते. एका वेळी एकच. आमच्या बाजारात एक गाळा आहे, सकाळी तिथं दूध मिळतं, दुपारी झेरॉक्स निघतात आणि संध्याकाळी भजी. तसंच हे. कोणत्या पिननं कोणतं काम धरायचं ते मी प्रोग्राममध्ये लिहायचं आणि भाऊजींनी बोर्डावर तांब्याच्या रेघा त्याप्रमाणं ओढायच्या, असा रिवाज.

ह्यात एक मेख आहे. लाईट आल्या आल्या चिप जागी होते, पण माझा प्रोग्राम काही लगेच बोलायला लागत नाही. तेवढ्या वेळात प्रत्येक पिन कारखान्यानं ठरवून दिलेल्या कामावर असते. बहुतेक पिना गप पडून राहतात. पण दोन-तीन पिना कारखान्यानं स्वतःसाठी राखलेल्या असतात, चिपची तपासणी करायचं यंत्र जोडायला. त्या तुमचं ऐकतच नाहीत. 'आता ही पिन सोड, मला दे' असं प्रोग्राममध्ये वेगळं लिहावं लागतं, तेव्हा कुठं हाताला लागतात. त्यातली एक तर पहिल्या क्षणापासून आपणहून वर चढून बसते, म्हणजे चालू. तिच्यावर दिवा लावा, घंटा लावा, काय वाटेल ते लावा. मोटार लावायची नाही. मी वर्कशॉपच्या भिंतीवर चिपचं मोठं चित्र चिकटवलं होतं आणि त्या पिनांवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या होत्या.

भाऊजींनी ते चित्र पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझ्या बायकोनं पिनांचंबी सोवळं-ओवळं काढलं का रे?" नवरा हसला. तो कुणाच्याही बोलण्यावर हसतो. देवानं त्याला पाठीचा कणा द्यायचं टाळलं आणि त्या बदल्यात गोड आवाज दिला, म्हणून गिऱ्हाइकं तो सांभाळतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्हाला गावाबाहेरच्या एका जिनिंगचं काम मिळालं. शेतकऱ्याचा कापूस येतो, पट्ट्यावरून मशीनीत जातो, रुई एकीकडं अन् सरकी एकीकडं. त्या पट्ट्याच्या मोटारीचं पॅनल आम्ही करायचं होतं. मी मोजमाप घ्यायला गेले. तिथं पट्ट्यावर बसून कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया होत्या, आणि त्यांची एक म्होरकी. पन्नाशीची, काळीसावळी, तोंडानं फटकळ. तिचा नवरा त्याच जिनिंगात हमाली करायचा. मला बघून ती म्हणाली, "बायामानूस असून मोटारीचं करायलाव व्हय? मंग पुरुषं घरी भाकरी थापायलेत का?" सगळ्या बाया खिदळल्या. मीपण हसले. सासरी इतकं सरळ कुणी बोलत नाही.

तिथली एक रीत मी त्याच दिवशी पाहिली. पट्ट्याखाली कापूस अडकून कोंडी होते. ती काढायला पट्टा थांबवायचा म्हटलं की मालक केबिनमधून ओरडतो, "बंद कुणी केलं रे?" सीझनमध्ये पट्टा थांबवणं म्हणजे त्याच्या छातीवर पाय देणं. मग बाया काय करतात, लाईट जायची वाट बघतात. लाईट आमच्याकडं जातेच, तिला कुणी सांगावं लागत नाही. गेली रे गेली की म्होरकी हाळी देते, बाया पट्ट्याखाली वाकतात आणि हात घालून कोंडी ओढून काढतात. लाईट आली तरी पट्टा हलत नाही. मुकादम सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतो आणि मग भिंतीवरचं हिरवं बटण दाबतो. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. त्या बायांचे हात त्या एका बटणाच्या भरवशावर होते.

म्होरकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, जुनं पॅनल लोखंडाचं व्हतं, अडाणी व्हतं. ह्ये तुमचं लय शहाणं हाय म्हनतेत. लाईट आल्यावर आपल्याच मनानं तर न्हाई ना सुटनार?"

मी म्हटलं, "बटण दाबल्याशिवाय इंचभर हलणार नाही. मी स्वतः लिहिणार आहे."

"तुमी लिवनार म्हनल्यावर काय," ती म्हणाली आणि परत कापसात जाऊन बसली.

मी लिहिलं, आणि नीट लिहिलं. पट्ट्याच्या रिलेला अशी पिन दिली की जी जन्मापासून गप असते. वर तिला खाली ओढून धरणारा एक रेझिस्टर लावायला सांगितला, म्हणजे प्रोग्राम झोपला तरी मोटार बंदच राहील. टेबलावर पन्नासदा लाईट घालवून-आणून पाहिली. एकदाही रिले वाजला नाही. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी चुडाव्याला गेले.

माझ्या माघारी भाऊजींनी नवा बोर्ड काढला. का, तर माझ्या पिनपासून रिलेपर्यंत जाताना तांब्याची एक रेघ दुसरीला आडवी येत होती आणि तिथं वरून वायरचा तुकडा टाकावा लागत होता. तो तुकडा त्यांच्या डोळ्यांत खुपला. गिऱ्हाईक झाकण उघडून बघतं, बरं दिसत नाही म्हणे. त्यांनी रिले शेजारच्या पिनवर नेला. शेजारची पिन म्हणजे लाल फुलीची. भिंतीवर ती फुली त्यांच्या नाकासमोर होती. रेझिस्टर तर काढूनच टाकला, जागा अडवतो म्हणून.

मग रिले सुटेचना, सारखा ओढलेलाच. असा रिले बघून कुणीही शहाणा माणूस थांबला असता, मला फोन केला असता. भाऊजींनी मोबाईलवर शोधलं, कुणाचं तरी उत्तर मिळालं, आणि 'पिन सोड' म्हणणारी ओळ उचलून माझ्या प्रोग्राममध्ये चिकटवली. चिकटवली कुठं? पडद्यावर आमचं आडनाव झळकतं, त्याच्या खाली. म्हणजे लाईट आली की आधी आमचं खानदानी आडनाव ठळक अक्षरात मिरवणार, आणि ते मिरवून होईस्तोवर मोटार कारखान्याच्या मर्जीवर. त्यांनी हिरवं बटण दाबून पाहिलं, पट्टा चालला. लाल दाबलं, थांबला. नवऱ्यानं मला फोनवर सांगितलं, "दादानं सगळं जमवलं बघ. तू बिनघोर राहा." बोर्ड बदलला हे मात्र सांगितलं नाही. मी दुखावेन म्हणून, असं तो नंतर म्हणाला. काय माया!

पॅनल बसलं. थोड्याच दिवसांत भरदुपारी लाईट गेली. म्होरकीनं हाळी दिली, बाया वाकल्या. लाईट आली, पट्ट्यानं हिसका मारला आणि थांबला. बाकीच्यांचे हात निघाले. तिचा निघाला नाही.

फोन आला तशी मी त्याच दिवशी चुडाव्याहून रेल्वेनं निघाले. सेलूला उतरले, पिशवी तशीच हातात घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. त्याच जातीचा एक बोर्ड टेबलावर होता. उलटा करून पाहिला, रिलेची रेघ लाल फुलीच्या पिनवर गेलेली. लाईट दिली. टक. रिले ओढला गेला. पडद्यावर आमचं आडनाव. मग टक, सुटला. हिरव्या बटणाला कुणी हात लावलेला नव्हता. मी परत केलं. परत तेच. माझा नवरा दारात उभा होता, त्यानं सगळं पाहिलं. आणि म्हणाला काय, "हळू. दादा जेवायलेत."

जेवायलेत तर जेवू देत, म्हणून मी बोर्ड तसाच हातात घेऊन घरात गेले आणि ताटाशेजारी ठेवला.

भाऊजींनी घास गिळला. "ती बाई बेअक्कल आहे. तिनंच बटण दाबलं असंल. मालकबी तेच म्हणायलेत."

"बटणाच्या आधी रिले ओढला जातो. तुम्ही फुलीच्या पिनवर टाकलाय. चला, दाखवते."

"प्रोग्राम कुणाचा आहे?" ते शांतपणे म्हणाले. "तुझा ना? त्यात माझं नाव कुठं लिहिलंय दाखव."

"सगळ्यात आधी तुमचंच नाव येतं पडद्यावर. म्हणून तर बोटं गेली."

ताट खणकन वाजलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मधे पडल्या. "तुझ्या बोलण्यानं तिचा हात परत येणार आहे का? बस, तूबी दोन घास खा." आणि खरंच माझ्यासाठी ताट मांडलं. मी सासऱ्यांकडं पाहिलं. आयुष्यभर पोरांना पायरी-पायरीनं गणित सोडवायला लावणारा माणूस, त्यांना तर कळणारच. त्यांना कळलं होतंच. म्हणाले, "सूनबाई, उत्तर चुकलं की खोडायचं आणि नवं मांडायचं. चुकलेलं गावभर दाखवत फिरायचं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मुठीवरून मला तिचा हात आठवला आणि मी तिथून निघाले. चोराच्या उलट्या बोंबा पुष्कळ ऐकल्या होत्या, पण इतक्या सभ्य आवाजात कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मालकानं जिनिंगात सगळ्यांना खुलासा करायला बोलावलं होतं. आमच्याकडून भाऊजी जाणार होते. मी न सांगता ऑटो करून गेले. पोचले तर पट्टा चालू. कालची जागा पाणी मारून धुतलेली आणि पट्टा सुरू, तेच पॅनल, त्याच बाया. मालक खुर्चीवर, शेजारी भाऊजी, मागं मुकादम. समोर म्होरकी खाली बसलेली, हाताला भलंमोठं बँडेज, आणि तिच्या मागं तिचा नवरा उभा. मुकादम सांगत होता की बाईनं घाईघाईत स्वतःच बटण दाबलं.

मी म्हटलं, "बटण भिंतीवर आहे. एक हात पट्ट्याखाली आणि दुसरा भिंतीपर्यंत, एवढा लांब हात असतो का कुणाचा?"

"बायांचे हात लय लांब असतेत मॅडम," मालक म्हणाला. मुकादम हसला, भाऊजी हसले. पट्ट्यावरच्या दोन-तीन बायाही हसल्या.

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना पट्ट्यापासून लांब केलं, मेन स्विच पाडला आणि परत वर केला. पट्ट्यानं हिसका मारला, हातभर पुढं गेला आणि थांबला. बटणापाशी कुणी नव्हतं. मी परत पाडला, परत वर केला. परत हिसका. आता कुणी हसत नव्हतं. बायांनी पाहिलं, हमालांनी पाहिलं, मुकादमानं तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं. आता बोला म्हणावं. खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला. भाऊजींचं तोंड बघून तर फारच.

मालक पॅनलकडं बघतसुद्धा नव्हता. तो म्होरकीकडं बघत होता. "मशीन काय करतंय ते मशीनवाले बघतील. तू सांग. काल बटण तू दाबलं का न्हाई?"

ती माझ्याकडं बघत होती.

"दाबलं," ती म्हणाली. "मीच दाबलं मालक."

"कुनाला आवाज न देता?"

"न्हाई दिला. चुकी झाली."

तिचा नवरा खाली बघत होता. मालक उठला, भाऊजी उठले. जाता जाता भाऊजी मला म्हणाले, "झालं समाधान? आता घरी चल. आल्यासारखी पॅनल दुरुस्त करून ये, पाहिजे तर." म्हणजे बिघाड आहे हे त्यांनी त्याच तोंडानं कबूल केलं आणि कुणाच्याही कपाळावर आठी पडली नाही.

म्होरकी नळावर डाव्या हातानं पाणी पीत होती. मी तिच्यापाशी गेले. मला वाटलं, ही घाबरली असेल, हिला धीर द्यावा. म्हटलं, "तुम्ही खोटं का बोललात? सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. मी होते ना तुमच्या बाजूनं."

तिनं तोंड पुसलं. आवाज चढवला नाही.

"काल दवाखान्यात आले व्हते दोघं, मालक अन् तुमचे भाऊजी. माझ्या माणसाला बारमाही ठेवून घेतो म्हनले, वॉचमन म्हनून. फकस्त मी गप बसायचं, येवढंच बोलनं झालं व्हतं. मुकादम सांगनार, मी मान खाली घालून बसनार, संपलं. कुनी मला इचारनार नव्हतं." तिनं बँडेजचा हात पदराखाली घेतला. "तुमी मशीन हलवून दाखवली. मंग त्यानला माझ्या तोंडानं वदवावं लागलं. माझ्या हातानं माझी बोटं तोडली, असं मला धा जनांत बोलाया लावलं तुमी. मालकानं न्हाई, तुमी."

"मी तुमच्यासाठीच आले होते."

"माझ्यासाठी आल्या असत्या तर आधी दवाखान्यात आल्या असत्या. मला इचारलं असतं. तुमी तुमच्या दिराला हरवाया आल्या व्हत्या. हरवलं का?"

तिनं नळ बंद केला. मला राग आला तिचा, अजूनही येतो. मी माझ्या घराशी वैर घेतलं, आणि ही मलाच चार शब्द सुनावते. मग राग ओसरतो आणि ती जे बोलली त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. सासरे तिथं असते तर म्हणाले असते, बरोबर आहे.

पॅनल मीच दुरुस्त केलं, त्याच दुपारी. आधी होती तीच पिन, वरून वायरचा तुकडा, रेझिस्टर. भाऊजींनी त्याला 'नवीन सुरक्षित मॉडेल' असं नाव दिलं आणि आसपासच्या जिनिंगांत तेच खपवतात. पिना अजून मीच वाटते, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही. घरात माझ्याशी सगळे गोडीनं बोलतात. आत्याबाई तर पहिल्यापेक्षा जास्त.

म्होरकी अजून त्याच जिनिंगात आहे. वेचायचं काम त्या हातानं होत नाही, म्हणून मालकानं तिला भिंतीपाशी स्टुलावर बसवलं आहे, हिरवं बटण दाबायला. मालक आल्या-गेल्याला हसून सांगतो, हिला बटणाची लय हौस. तिच्या नवऱ्याला सीझन संपताच काढलं. पट्ट्यावरच्या बाया तिला 'बटन' म्हणतात. त्या दिवशी पट्टा आपोआप हललेला ज्यांनी पाहिला, त्याच बाया. मागच्या आठवड्यात मी तिथं सर्व्हिसिंगला गेले होते. लाईट आली, एकीनं हाक मारली, "ए बटन, दाब की."

"व्हय," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं दाबलं.